टेपवरची बालवाडी

मी आयुष्यात एकच यंत्र मनापासून शिकले आणि त्याच्याकडून पहिलं मोठं काम काय करून घेतलं, तर खोटं बोलवून घेतलं. बालवाडी जवळजवळ रिकामी होती आणि जिल्ह्याहून आलेल्या बाईंना मी ती भरलेली म्हणून ऐकवली. दाखवायला पोरं नव्हतीच. पोरं माळावर उन्हात आणि त्यांचा आवाज माझ्या खोलीत, टेपवर, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली. एवढ्यावर माझी अक्कल थांबली असती तरी बरं. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी केस धुतले. दुष्काळात, जिथं घागरभर पाण्यासाठी बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरत होत्या, तिथं या बयेनं आनंदाच्या भरात डोक्यावरून पाणी घेतलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “काय गं, कुठली जहागिरी मिळाली?”

मिळालीच होती. तसं मला वाटत होतं.

आता माझ्या पणतीच्या शाळेत भिंतीएवढा टीव्ही आहे. त्यात वाघ नाचतो, अक्षरं उड्या मारतात, पोरं आ वासून बसतात. नातसून कौतुकानं सांगते, “आजी, तुम्ही तर त्या काळात टेप लावून शिकवायचात. किती पुढच्या होतात!” मी तोंडात मिश्री धरून गप्प बसते. मिश्रीचा हा मोठा उपयोग आहे, बोलावं लागत नाही. पण आज लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

आमचं गाव तेर गावाच्या पलीकडं, माळाच्या कडेला. गावात दूध उत्पादकांची सोसायटी होती. तिचे चेअरमन नात्यानं माझे चुलत सासरे, मी त्यांना मामा म्हणायची. सोसायटीच्या डेअरीला लागून एक खोली रिकामी होती, तिथं त्यांनी बालवाडी सुरू केली आणि मी जुनी अकरावी शिकलेली सून म्हणून मला तिथं बसवलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेन. पदर खांद्यावरून नीट पिन लावून घ्यायचा, हातात छडी नाही पण असल्यासारखं चालायचं, आणि कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी मान वीतभर वर जायची. आज ती पोरगी माझ्यासमोर आली तर मी तिला आधी पिन काढायला लावीन.

मामा एकदा संचालक मंडळाबरोबर पश्चिमेकडच्या दूधसंघांच्या दौऱ्यावर गेले. तिथं कुठल्याशा बालवाडीत त्यांनी टेपरेकॉर्डर बघितला. आले ते तसाच एक घेऊन. त्या दिवशी खोलीत नारळ फुटला. नवीन मोटारीची करतात तशी टेपची पूजा झाली. एका संचालकांनी हळदकुंकू लावलं ते बरोबर स्पीकरच्या जाळीवर, आणि कुंकू भोकांतून आत गेलं. तिथून पुढं तो टेप जरा दाटल्या गळ्यानं बोलायचा.

पण मी त्याच्या प्रेमातच पडले. कॅसेट सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. सेल मंद झाले की उन्हात वाळत घालायचे, पापडासारखे. लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं की आपला आवाज आत जातो. हे मला जमलं तेव्हा मी तो घरी नेऊन सगळ्यांना माझा आवाज ऐकवला. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एक बोलनारी हुती ती कमी पडत हुती व्हय? आता डब्यात बी भरून ठिवली.”

टेप यायच्या आधी मी बरी शिकवत होते, असं मला आता वाटतं. चिंचोके मोजायला लावायची, मातीची बैलं करून घ्यायची, गोष्ट सांगताना कोल्हा व्हायची. टेप आला आणि माझे कष्ट संपले. मी सगळंच त्यात भरलं. ‘एक साथ नमस्ते’ त्यात, अंक त्यात, गोष्ट त्यात, ‘बडबड करायची नाही’ हेसुद्धा त्यातच. बटण दाबायचं आणि खुर्चीवर बसून क्रोशाचा रुमाल विणायचा. पोरंही अशी भाबडी, टेपकडं तोंड करून ‘हजर’ म्हणायची. एकदा एक बारकं पोरगं उठलं, टेपसमोर जाऊन उभं राहिलं आणि करंगळी वर केली. टेप आपला पाढे म्हणतोय. पोरगं करंगळी वर धरून उभं. मी टाके मोजत होते, माझं लक्ष नाही. शेवटी व्हायचं ते झालं. चड्डीतून धार पायावर आली तेव्हा ते टेपकडंच बघून रडत म्हणालं, “इचारलं तर हुतं की!”

मी हसले होते त्यावर. दोन-तीन घरी सांगून हसवलंही होतं.

पुढं मी स्वतः गाणं केलं. डेअरीच्या खोलीतली बालवाडी, म्हणून गाणं म्हशीवर. कवयित्रीच की मी!

म्हैस आमची काळी काळी,
दूध देती दोन्ही वेळी.
चरवी घेऊन डेरीत जाऊ,
उरलं सुरलं आपण पिऊ.

मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी सोसायटीच्या सभेत म्हणून दाखवलं. आता माझ्या लक्षात येतं की त्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी म्हैसच नव्हती, आणि ज्यांच्या घरी होती त्यांच्याकडंही उरलं सुरलं काही राहत नव्हतं, सगळं डेअरीत येत होतं. पण पोरं जीव तोडून म्हणायची. त्यातही एक पोरगी. बौद्ध वस्तीतली, चार-साडेचार वर्षांची, दोन बोटांएवढी वेणी आणि आवाज मात्र घोगरा आणि दणदणीत. आमच्या गावाला साखर कारखाना नव्हता, पण भोंग्याची कमी ही पोरगी भरून काढायची. गाणं संपलं तरी तिचं ‘पिऊऽऽऽ’ संपायचं नाही. सगळे गप्प झाल्यावर ती एकटी ‘पिऊ’ला धरून बसायची आणि दम संपला की स्वतःच खुदकन हसायची. संक्रांतीच्या सुमारास मी सगळ्या पोरांना बसवून ते गाणं टेपवर घेतलं. चाळीसेक पोरं होती त्या दिवशी. गाणं संपतंय तोच एकाचं नाक वाहायला लागलं, तर मी ओरडले, “ए, नाक पूस आधी!” तेही टेपवर गेलं. पुसायचं राहून गेलं, टेपवरचं.

तो दुष्काळाचा सलग दुसरा उन्हाळा होता. बहात्तरचा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होता, त्याच्यानंतर दहा-बारा वर्षांनी हा. माळावर पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम निघालं आणि होळीच्या आतच निम्मं गाव मातीच्या पाट्या उचलायला गेलं. बाया सकाळी भाकरी बांधून निघायच्या त्या दिवस मावळताना परत. माझी बालवाडी आठ ते एक. एक वाजता घरी गेलेल्या लेकराकडं बघणार कोण? म्हणून आया लेकरांना कामावरच न्यायला लागल्या. माझ्या खोलीत उरली दुकानदाराची दोन, मामांची नातवंडं आणि ज्यांच्या घरी म्हातारी होती अशी चार-पाच. पोरांच्या खाऊच्या सुकडीचं पातेलं निम्मं उरायचं.

माळावर झाड नावाला नव्हतं. होत्या त्या बाभळी गुरांच्या पाल्यासाठी छाटून बुंधे राहिलेले. लेकरं मातीच्या ढिगाआड, खणलेल्या चरात, कुठं धोंड्याच्या आडोशाला बसायची. तेव्हा कामावरच्या बायांनी एक मागणी केली. बालवाडी पावसाळ्यापर्यंत कामावर आणा. वर काही तरी सावली करा, बाई तिथं बसवा, सुकडी तिथं द्या. मागणी वर जिल्ह्याला गेली आणि कळलं की तिथल्या बालवाड्यांवरच्या अधिकारी बाई स्वतः येऊन बघणार आणि ठरवणार.

त्याच आठवड्यात घोगऱ्या पोरीची आई माझ्याकडं आली. कामावरून आलेली, भुवयांवर माती, पोरगी कडेवर झोपलेली. वयानं ती माझ्याहून मोठी. तरी मी तिला अगंतुगं करायची आणि ती मला अहोजाहो. तेव्हा ते खटकलं नाही, लिहिताना खटकतंय.

“बाई, तुमी तिथं आलात तर लई बरं व्हईल,” ती म्हणाली. “हात पाटीला असत्यात आन् जीव लेकरापाशी. सकाळच्याला हितं सोडावं तर दुपारी कुनाच्या दारात सोडू? घरी मानूस न्हाय.”

पोरगी कडेवर घामेजून झोपलेली. मी टेपकडं बोट दाखवलं.

“अगं, याला धूळ चालत नाही. आत धूळ गेली की संपलं.”

तिनं टेपकडं बघितलं. चिडली नाही की काही नाही. साधेपणानं म्हणाली, “मग त्येला ऱ्हाऊ द्या की हितं. तुमी या.”

“ते जिल्ह्याच्या बाई ठरवतील,” असं म्हणून मी कुलूप हातात घेतलं.

खरं कारण धूळ नव्हतं. माळावर ताडपत्रीखाली बसून पोरं सांभाळायची म्हणजे मी आया झाले असते, बाई राहिले नसते. पिन लावलेला पदर, खुर्ची, टेप, सगळं गेलं असतं. मामांनी वर तेल ओतलं. म्हणाले, “सूनबाई, बालवाडी हलली की खोली गेली म्हनून समजा. संचालक टपूनच हायती. दुसऱ्या दिवशी पेंडीची पोती येऊन पडतील. खोली भरल्याली दिसली पायजे बाईला. काय करायचं ते करा.”

मग मी काय करायचं ते केलं.

जिल्ह्याच्या बाई भर दुपारी, बाराच्या सुमाराला येणार होत्या. मी सकाळीच खिडक्या लावून घेतल्या. ऊन येतं म्हणून, असं मी पोरांना सांगितलं. होती ती पोरं एका ओळीत दाराकडं तोंड करून बसवली आणि त्यांच्यामागं घरच्या गोधड्यांच्या वळकट्या ठेवल्या. टेप टेबलाखाली, त्यावर डालगं, डालग्यावर माझा क्रोशाचा रुमाल. सेल नवे घातले, दुकानदाराच्या पोराला घरी पिटाळून मागून आणले. पोरांना सांगितलं, गाणं सुरू झालं की तुम्ही पण म्हणायचं, टेपच्या बरोबर, आणि डालग्याकडं कुणी बघायचं नाही.

“त्येच्यात कोंबडी हाय का?” मामांच्या नातवानं विचारलं.

“हाय. बघितलं की चोच मारती,” मी म्हणाले.

जीप आली. शेजारी डेअरीच्या ऑफिसात चहा झाला. तो होतोय तोवर मी बटण दाबलं. चाळीस पोरांचा गलका, मग ‘म्हैस आमची काळी काळी’. भिंतीपलीकडं मामांचा आवाज आला, “ऐकताय न्हवं? रोजचं असंच असतंय.” आणि चपला वाजत वाजत बाई दारात आल्या. काळा चष्मा, हातात रुमाल, उन्हातून आलेल्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत अंधार. त्यांना पुढची ओळ दिसली आणि मागं काळोखात काही तरी गठुळी गठुळी दिसली. उंबऱ्यावरच थांबल्या. चष्मा काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मला ते ठाऊक होतं. सकाळपासून बाहेरून आत येणारी माणसं मी बघत होते, सगळी तशीच आंधळी होऊन उभी राहायची.

गाणं ‘उरलं सुरलं’वर आलं. सगळे थांबले आणि ती एकटी, ‘पिऊऽऽऽऽ’. मग ते खुदकन हसणं.

बाईंचा चेहरा एकदम उजळला. “अगं बाई! हा आवाज कुणाचा?”

मी पुढच्या ओळीतल्या एका पोराची कॉलर सरळ केली.

“किती गोड आहे! घोगरा आहे, पण काय गोड. कुठंय ती?”

टेपला विचारून भागणार नव्हतं. एवढं उत्तर मला माझ्या तोंडानं द्यावं लागलं. मी म्हणाले, “मागं बसलीय. लाजते फार.”

लाजते! ती पोरगी त्या वेळी कोसभर लांब, मातीच्या ढिगाआड बसली होती. लाजायचं माझ्याकडं होतं.

आणि मी तोंड मिटतेय न मिटतेय तोवर टेबलाखालून माझाच आवाज खणखणीत आला, “ए, नाक पूस आधी!”

माझे ओठ बंद. बाई माझ्याकडं बघतायत. मी पदर तोंडाला लावून खोकले, असं खोकले की क्षयरोगाचा माणूससुद्धा दचकला असता. मामांनी माझ्या बंद तोंडाकडं बघितलं, मग वर पत्र्याकडं बघितलं आणि तिथंच बघत राहिले. पुढच्या ओळीतल्या त्यांच्या नातवाला मात्र राहवलं नाही. “बाई, कोंबडी बी तुमच्यावानीच रागावती?” जिल्ह्याच्या बाई हसल्या. त्यांना वाटलं पोरगं चुणचुणीत आहे, काही तरी बोलतंय. पुढच्या गावाला उशीर होत होता. जाता जाता त्या मामांना म्हणाल्या, “एवढी छान भरलेली बालवाडी मी माळावर कशाला हलवू? त्या बायकांनीच मुलं इथं पाठवायला हवीत. आता कामावर जाऊन बघायची गरज नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं.”

जीप गेली. मी डालगं उचललं आणि टेपवरून हात फिरवला, गोऱ्ह्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग ते केस धुणं.

माळावर बायांना मुकादमानं सांगितलं. बालवाडी यायची नाही. गावातली भरलेली आहे, जिल्ह्याच्या बाईनं स्वतःच्या कानानं ऐकली. बायांनी काय म्हटलं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दुपारची वेळ, मी खोलीला कुलूप लावत होते. माळाच्या वाटेनं दुधाची गाडी धूळ उडवत आली. ती गाडी त्या वेळी त्या वाटेनं कधी यायची नाही. मागं दुधाच्या कॅनच्या मधे पोरीची आई बसलेली, मांडीवर पोरगी. लुगड्याचा ओला पदर पोरीच्या तोंडावर. एक पाय खाली लोंबत होता आणि गाडी हादरली की हलत होता. चरात सावली बघून आईनं तिला झोपवलं होतं. सावली सरकली, पोरगी झोपेतच उन्हात आली, आणि आई त्या वेळी पाटी घेऊन भरावाच्या दुसऱ्या अंगाला होती. परत येऊन बघते तर अंग निखारा, डोळे पांढरे. मुकादमानं रस्त्यानं जाणारी गाडी आडवा होऊन थांबवली आणि तेरला डॉक्टरकडं न्यायला लावली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी कुलूप हातात घेऊन पत्र्याच्या सावलीत उभी होते आणि गाडी माझ्यासमोरून गेली. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. त्या वेळी कुठलं बटण दाबायचं ते मला माहीत नव्हतं.

पोरगी वाचली. सलाईन लावली, दोन दिवस तिनं कुणाला ओळखलं नाही, तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं. मी बघायला गेले नाही. लिंबं पाठवली. चार लिंबं, कुणाच्या तरी हाती! दुष्काळात लिंबू महाग, म्हणून त्यातही मला माझा मोठेपणा वाटला असावा. माळावर दुसऱ्याच दिवशी मुकादमानं चार वासे रोवून वर ताडपत्री बांधली. सोसायटीच्या गोदामातलीच होती ती, इतके दिवस तिथंच घडी घालून पडलेली.

मी टेप पुसायचं ठरवलं. आत काही न बोलता लाल बटण दाबून ठेवलं की जुनं सगळं जातं, हे मला येत होतं. एका दुपारी एकटीच बसले. आधी एकदा ऐकू म्हणून लावलं आणि ती ‘पिऊ’ला धरून बसली तिथं माझा हात थांबला. पोरीच्या मायेनं थांबला असं कुणी समजू नये. मायाही असेल थोडी. पण पुसायला मी बसले होते ते कुणाला कळू नये म्हणून, हे मी स्वतःपासून लपवू शकले नाही, आणि त्याचीच मला इतकी किळस आली की मी ते बटण तसंच सोडून उठले.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ती सांगून मला माझी बाजू सावरायला नको. मी पुढं माळावर गेले. पाऊस पडेपर्यंत त्या ताडपत्रीखाली बसले, चिंचोके घेऊन, टेप न घेता. खोलीत पेंडीची पोती पडली. मामा वर्षभर माझ्याशी तुटक बोलले. गावात काही जण म्हणाले, सूनबाई मोठ्या मनाची. असं कुणी म्हणालं की मला जिभेवर मिरची ठेवल्यासारखं व्हायचं. कारण मी मनानं गेले नव्हते. मला पाठवलं होतं, आणि ते जिल्ह्याच्या बाईंनी नाही.

त्याचं असं झालं. पोरगी घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी तिची आई तिला घेऊन खोलीत आली. डॉक्टरांनी उन्हात न्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिची आत्या बाळंतपणाला आलेली, दुपारनंतर ती बघणार होती. सकाळपुरती पोरगी माझ्याकडं. पोरगी अशी वाळलेली की फ्रॉकच चालत आल्यासारखा दिसला. मी पुढं होऊन तिचा हात धरला, लाडानं काही तरी बोलले. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती सरळ टेपपाशी गेली. आवाज बसला होता, घोगरेपणासुद्धा उरला नव्हता, नुसता वारा आल्यासारखा आवाज.

“माजं गानं लावा.”

“आज नको गं. सेल गेलेत,” मी म्हणाले.

मामांचा नातू लगेच म्हणाला, “न्हाय गेले. बाई काल यकटीच ऐकत हुत्या.”

आई दारात उभी होती. कामाला उशीर होत असूनही थांबली. पोरीच्या तोंडाकडं बघत म्हणाली, “लावा की बाई. लई दिसानं काय तरी मागितलं तिनं.”

मी लावलं. काय करणार होते?

पोरगी स्पीकरला कान लावून बसली, जाळीवरच्या कुंकवावर गाल टेकून. आई दारातून ऐकत होती. पहिल्यांदा ती हसली. एकेक आवाज तिला ओळखू यायला लागला. “ही आमच्या जावंची बारकी... ह्यो मुकादमाचा... ह्यो बोबडा तर परटाच्या घरचा...” ती सगळी पोरं त्या दिवसांत तिच्याबरोबरच माळावर जायची, त्यांचे आवाज तिला रोजचे. मग ‘उरलं सुरलं’ आलं, सगळे थांबले, आणि तिची लेक एकटी गात राहिली. इकडं जमिनीवर बसलेली पोरगी ओठ हलवून बघत होती, आवाज निघत नव्हता. टेपमधली पोरगी खुदकन हसली. आईनं डोळ्याला पदर लावला.

आणि मग ते आलंच, “ए, नाक पूस आधी!”

पोरं खो खो हसली. त्यांना आता ते पाठ झालं होतं, आणि मामांचा नातू कोंबडीसारखा ओरडला, “तवा बी आसंच झालं, चष्म्यावाली आलती तवा!”

आईचं हसू तसंच राहिलं तोंडावर, पण डोळ्यांत नव्हतं. तिनं खोलीभर बघितलं. ओळीतली आठ-नऊ पोरं, मागच्या रिकाम्या भिंती, बंद खिडक्या. मग टेपकडं.

“कवा भरलं हे, बाई?”

“संक्रांतीच्या वेळी,” मी म्हणाले. खोटं बोलायचं बळ संपलं होतं.

मी टेबलावरचा क्रोशाचा रुमाल सरळ करत राहिले. तो सरळच होता.

“मुकादम म्हनला,” ती हळूच बोलायला लागली, कुणाला विचारल्यासारखी, “जिल्ह्याच्या बाईनं सोताच्या कानानं ऐकलं म्हनून. आमी बाया म्हनलो, आसंल. चांगल्या घरची लेकरं आसत्याल, गात आसत्याल.”

मी वर बघितलं नाही. तिच्या पायांकडं बघत होते. टाचांच्या भेगांत तलावाची पांढरी माती भरलेली होती. ते पाय वळतील, ती निघून जाईल, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. ती गेली नाही. आत आली, टेपपाशी बसलेल्या पोरीला उचलून कडेवर घेतलं, तिच्या गालाला लागलेलं कुंकू अंगठ्यानं पुसलं, आणि दाराकडं जाता जाता माझ्यासमोर थांबली. आवाज चढला नाही तिचा. बाजारात भाव विचारावा तितक्याच साध्या आवाजात म्हणाली,

“म्हंजी माजी लेक तुमच्या टेपात सावलीला बसून गात हुती म्हना की, बाई.”